ग्रंथालयातील छायाप्रती आणि प्रताधिकार कायदा: दहा टक्क्यांचा नियम आला कुठून?

संदर्भकक्ष

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. यंदा शैक्षणिक वर्ष सुरू होताना व्यवस्थापनाने झेरॉक्स यंत्राशेजारी एक फलक लावायला सांगितला: "कोणत्याही पुस्तकाच्या दहा टक्क्यांहून अधिक पानांची छायाप्रत मिळणार नाही. कॉपीराइट कायदा, १९५७." मी कायद्याचे कलम ५२ पुन्हा वाचून पाहिले, परंतु छायाप्रतीसाठी दहा टक्के असा आकडा मला त्यात सापडला नाही.

या फलकामुळे दोन जणांना परत पाठवावे लागले. अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पदव्युत्तर वर्गासाठी पाच वेगवेगळ्या पुस्तकांतील एकेक प्रकरण एकत्र बांधून हवे होते. इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थिनीला एका जुन्या मराठी ग्रंथाची संपूर्ण प्रत हवी होती. त्या ग्रंथाची प्रकाशनसंस्था केव्हाच बंद पडली आहे आणि पुस्तक बाजारात कोठेही मिळत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. संसदेने न केलेला नियम कायद्याच्या नावाने भिंतीवर लावून वाचकांना घाबरवणे हे ग्रंथालयाचे काम नव्हे. मात्र फलक बदलायचा तर त्यावर काय लिहावे, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

---

तळटीप

मी विधी महाविद्यालयात शिकवतो. आपण म्हणता ते खरे आहे. भारतीय कायद्यात असा आकडा नाही. तो बहुधा दोन परदेशी वाटांनी आपल्याकडे आला असावा. अमेरिकेत १९७६ साली शिक्षक आणि प्रकाशक यांच्या संघटनांनी आपसांत काही मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. त्यांत गद्य उताऱ्यासाठी एक हजार शब्द किंवा दहा टक्के, यांपैकी जे कमी असेल ती मर्यादा होती. ती तत्त्वे मुळात कायद्याचा भाग नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात मात्र वैयक्तिक अभ्यासासाठी दहा टक्के पाने किंवा एक प्रकरण 'वाजवी भाग' मानले जाते. आपल्या संसदेने यांपैकी काहीही स्वीकारलेले नाही.

आपल्या कलम ५२ मध्ये प्रताधिकाराचा भंग न ठरणाऱ्या कृती दिल्या आहेत. ग्रंथालयाच्या दृष्टीने त्यांतील तीन महत्त्वाच्या आहेत आणि प्रत्येकीची कसोटी वेगळी आहे. ५२(१)(ए) नुसार खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, ज्यात संशोधनही येते, केलेला न्याय्य वापर चालतो. ५२(१)(आय) नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने 'अध्यापनाच्या ओघात' केलेले पुनरुत्पादन चालते. प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकाही त्यातच येतात. ५२(१)(ओ) खास ग्रंथालयांसाठी आहे आणि तेथे मर्यादा तीन प्रतींची आहे, टक्क्यांची नाही.

आपल्याकडील दोन प्रसंगांपैकी प्राध्यापकांचा प्रसंग (आय) मध्ये बसतो, विद्यार्थिनीचा (ए) आणि (ओ) मध्ये. दोघांना एकच आकडा दाखवून परत पाठवणे कायद्याला धरून नाही.

---

कडेची_नोंद

परंतु (आय) मध्ये 'शिक्षक किंवा विद्यार्थी' असे शब्द आहेत. झेरॉक्स काढणारा तर ठेकेदार असतो आणि तो पानामागे पैसे घेतो. त्याला हे संरक्षण कसे मिळेल?

---

अर्थशास्त्राची_विद्यार्थिनी

कडेची_नोंद यांनी विचारलेला प्रश्नच दिल्ली उच्च न्यायालयासमोर होता. या धाग्याचा तो कणा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे दुकान आणि दिल्ली विद्यापीठ यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. हे दुकान दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात विद्यापीठाच्या परवान्याने चालत होते. प्राध्यापकांनी अभ्यासक्रमासाठी नेमलेल्या पुस्तकांतील भाग एकत्र करून तेथे पाठ्यसंच तयार होत आणि ते विद्यार्थ्यांना मिळत. प्रकाशकांचे म्हणणे असे होते की, हा सरळ व्यापार आहे आणि असे संच काढायचे असतील तर परवाना शुल्क भरले पाहिजे.

विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची एकेक संघटना स्वतःहून या दाव्यात सामील झाली, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. ज्यांच्यासाठी प्रती निघत होत्या त्यांचे म्हणणे न ऐकता निकाल लागला असता, तर तो केवळ प्रकाशक आणि दुकानदार यांच्यातील हिशेबाचा निकाल ठरला असता. अमर्त्य सेन यांच्यासह अनेक अभ्यासकांनीही दावा मागे घेण्याची विनंती प्रकाशकांना केली होती. ज्यांच्या लेखनाच्या प्रती निघाल्या होत्या, असे काही लेखकही विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. प्रताधिकार हा नैसर्गिक किंवा दैवी हक्क नसून समाजाच्या बौद्धिक समृद्धीसाठी कायद्याने निर्माण केलेला हक्क आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. अपिलात न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला. अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील तासाभराचे व्याख्यान नव्हे, आणि शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत स्वतःच्या हाताने काढली की दुसऱ्याकडून काढून घेतली यावर ते संरक्षण अवलंबून राहत नाही, असा त्याचा अर्थ आहे. कडेची_नोंद यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते: यंत्र कोणाचे आहे हे गौण आहे, प्रत कशासाठी निघाली हे मुख्य आहे.

मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. त्यानंतर छायाप्रतींचे परवाने देणारी आयआरआरओ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. तिची याचिका मे २०१७ मध्ये फेटाळली गेली.

---

छापखाना

मी मराठी पुस्तके छापतो आणि विकतो. वरील प्रतिसाद मी आदराने वाचला, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला जसाच्या तसा मान्य नाही.

त्या दाव्यातील वादी जगभर पसरलेल्या संस्था होत्या. दिल्लीतल्या एका वर्गाने पाच प्रकरणांच्या प्रती काढल्या म्हणून त्यांचे दुकान बंद पडणार नव्हते. मराठीत वैचारिक पुस्तकाची आवृत्ती पाचशे किंवा फार तर हजार प्रतींची निघते. तिचे ग्राहक कोण, तर ग्रंथालये, प्राध्यापक आणि त्या विषयाचे विद्यार्थी. एखाद्या विद्यापीठाने माझे पुस्तक अभ्यासक्रमाला लावले, तर त्याची विक्री वाढेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात महाविद्यालय एक प्रत विकत घेते, तिच्या झेरॉक्स प्रती सगळ्या वर्गाकडे जातात, आणि पुढल्या वर्षी त्याच झेरॉक्सची झेरॉक्स निघते. लेखकाला मानधनाचा हिशेब पाठवताना मी काय लिहू?

अध्यापनासाठी सूट असावी याला माझा विरोध नाही. परंतु अध्यापन हीच ज्या पुस्तकाची एकमेव बाजारपेठ आहे, त्या पुस्तकाबद्दल कायद्याने आणि ग्रंथालयांनी वेगळा विचार करायला हवा.

---

तळटीप

छापखाना यांचा मुद्दा गंभीर आहे. त्याचे अर्धे उत्तर निकालातच आहे, परंतु त्या निकालाच्या बातम्यांत ते हरवून गेले.

खंडपीठाने विद्यार्थ्यांना सरसकट मोकळीक दिलेली नाही. पानांची मर्यादा नाही हे खरे, पण अध्यापनाच्या उद्देशासाठी तो भाग आवश्यक होता का, ही कसोटी त्यांनी ठेवली आहे. त्या दाव्यातील पाठ्यसंचांतील मजकूर खरोखर अध्यापनासाठी आवश्यक होता का, आणि काही पुस्तके संपूर्णच्या संपूर्ण काढली गेली होती त्यांचे काय, हे मुद्दे पुराव्यानिशी तपासण्यासाठी त्यांनी प्रकरण खालच्या टप्प्यावर परत पाठवले होते. दावा मागे घेतला गेल्यामुळे ती तपासणी झालीच नाही. म्हणून बाजारात उपलब्ध असलेले संपूर्ण पाठ्यपुस्तक वर्गासाठी काढून वाटणे कायदेशीर आहे, असे त्या निकालाच्या आधारे कोणी म्हणू नये. माझ्या मते तसे संरक्षण मिळत नाही.

दुसरे असे की, तो निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. महाराष्ट्रातील न्यायालयांवर तो बंधनकारक नाही, पण त्याचे वजन मोठे आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आहे.

व्यवस्थापनाची भीती कोठून येते हेही सांगतो. कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी भंग झाला नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून कमी शिक्षा देऊ शकते. हे कलम वाचून कोणताही प्राचार्य सावध होईल. परंतु कलम ५२ मध्ये बसणारी कृती मुळात भंगच नसते, त्यामुळे तेथे कलम ६३ चा प्रश्नच येत नाही.

---

भाषांतरकार

मी अनुवादाचे काम करते. छापखाना यांच्या प्रतिसादात लेखकाची बाजू आली, तिला एक जोड देते. मूळ लेखकाचा प्रताधिकार संपला म्हणजे त्याच्या अनुवादाचाही संपला असे अनेक शिक्षक मानतात. अनुवाद ही स्वतंत्र कृती असते आणि तिची मुदत अनुवादकाच्या मृत्यूपासून मोजली जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचा आजचा मराठी अनुवाद मुक्त नसतो.

माझी सूचना अशी आहे की, महाविद्यालयांनी वार्षिक शुल्क भरून सामूहिक परवाना घ्यावा. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून अशी व्यवस्था आहे आणि त्यातून लेखकांना थोडे का होईना पैसे मिळतात.

---

अर्थशास्त्राची_विद्यार्थिनी

भाषांतरकार यांच्या हेतूबद्दल आदर आहे, परंतु ही सूचना मला पटत नाही. जी कृती कायद्याने मुळातच मोकळी ठेवली आहे तिच्यासाठी परवाना घेतला, की काही वर्षांनी तो परवाना हीच अट होऊन बसते. मग परवाना न परवडणाऱ्या लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याला, कायद्याने दिलेली सूट असूनही, यंत्रापाशी उभे राहता येत नाही. दिल्लीच्या दाव्यात प्रकाशकांची मागणी नेमकी हीच होती. शिवाय अशा परवान्याची रक्कम कोणाकडे जाते हे पाहायला हवे. परवाना देणाऱ्या संस्थेकडे ज्यांची नोंदणी आहे त्यांनाच ती मिळणार. छापखाना यांच्यासारख्या किती मराठी प्रकाशकांची आणि लेखकांची अशी नोंदणी आहे?

---

छापखाना

माझी नाही. ओळखीच्या प्रकाशकांपैकीही कोणाची असल्याचे ऐकिवात नाही. या बाबतीत विद्यार्थिनीचे म्हणणे मला मान्य आहे. मला परवाना शुल्कापेक्षा महाविद्यालयाने अभ्यासक्रमाला लावलेल्या पुस्तकाच्या एकाऐवजी दहा प्रती घेतलेल्या जास्त आवडतील. विद्यार्थी त्या घरी नेतील, वाचतील आणि झेरॉक्सची गरजच कमी होईल.

---

संदर्भकक्ष

प्रती वाढवण्याची सूचना मी मांडत आलो आहे. अडचण पुस्तक खरेदीच्या तरतुदीची आहे. तरीही अभ्यासक्रमाला लावलेल्या आणि बाजारात उपलब्ध असलेल्या मराठी पुस्तकांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवण्याचा प्रस्ताव मी ग्रंथालय समितीपुढे नेईन.

चर्चा पाठ्यसंचांकडे वळली हे योग्यच झाले. आता बाजारात न मिळणाऱ्या ग्रंथाबद्दल कोणी सांगू शकेल का?

---

जुनी_पाने

दुर्मिळ मराठी ग्रंथांच्या जतनाच्या कामात मी बरीच वर्षे आहे, त्यामुळे या प्रश्नावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. मराठीतील खरा पेच हाच आहे. परदेशी प्रकाशकाचे पुस्तक महाग असले तरी मिळते; आपल्याकडचे मोलाचे पुस्तक कोणत्याही किमतीला मिळत नाही.

पहिला प्रश्न नेहमी असा विचारावा की, या ग्रंथावर प्रताधिकार उरला आहे का? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे ही मुदत मोजतात. पूर्वी ती पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत असताना ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. इरावती कर्वे यांचे निधन १९७० साली झाले. त्यांचे लेखन २०३० अखेरपर्यंत संरक्षित राहील. विद्यार्थिनीला हव्या असलेल्या ग्रंथाच्या लेखकाचे निधन १९६० च्या आधी झाले असेल, तर पुढचे काहीही वाचण्याची गरज नाही. संपूर्ण ग्रंथाची प्रत निर्धास्तपणे काढून द्यावी. मात्र त्याला नंतरच्या संपादकाची प्रस्तावना किंवा टीपा जोडल्या असतील तर तेवढा भाग वेगळा धरावा.

प्रताधिकार शिल्लक असेल तर ५२(१)(ओ) कडे वळावे. बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाने किंवा त्याच्या निर्देशानुसार, भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती 'ग्रंथालयाच्या उपयोगासाठी' काढता येतात. येथे दोन गोष्टींकडे लक्ष हवे. ती प्रत ग्रंथालयाची असते. विद्यार्थिनीला ती कायमची देता येत नाही, घरी वाचायला देता येते. आणि 'सार्वजनिक ग्रंथालय' याची व्याख्या या कायद्यात नाही. महाविद्यालयाचे ग्रंथालय बाहेरच्या वाचकांना सभासदत्व देत असेल तर आपली बाजू भक्कम होते. केवळ आपल्याच विद्यार्थ्यांसाठी असेल तर ती वादाची जागा आहे. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे तीच प्रत असेल, तर त्यांना पत्र लिहून प्रत काढून घेणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

ग्रंथ फार जीर्ण असेल तर २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद आली आहे. ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ते स्कॅन करून साठवता येते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. प्रकाशनसंस्था बंद पडली म्हणजे विचारायला कोणी उरले नाही, असे नसते. प्रताधिकार बहुतेक वेळा लेखकाच्या वारसांकडे असतो. कलम १९ नुसार हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि त्यानंतर हक्क लेखकाकडे परत येतात. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी झालेल्या करारांना हा नियम लागू नाही. तेथे मूळ करारच पाहावा लागतो. परंतु जुन्या काळी पुष्कळ लेखकांनी केवळ एका आवृत्तीपुरती परवानगी दिलेली असे. अनेक कुटुंबांना आपल्या आजोबांच्या पुस्तकावर आपला हक्क आहे याची कल्पनाही नसते. एक पत्र गेले की ते आनंदाने लेखी परवानगी देतात, आणि काही जण तर घरातली प्रतच ग्रंथालयाला भेट देतात. कायद्याच्या कलमांचा कीस काढण्यापेक्षा हे पत्र लिहिणे पुष्कळदा लवकर फळते.

---

कडेची_नोंद

आणि वारस सापडलेच नाहीत तर?

---

तळटीप

कलम ३१ए मध्ये त्यासाठी अनिवार्य परवान्याची सोय आहे. लेखक हयात नसेल, अज्ञात असेल किंवा हक्कधारकाचा शोध लागत नसेल, तर ते पुस्तक प्रसिद्ध करण्यासाठी किंवा त्याचा अनुवाद करण्यासाठी परवाना मागता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते, आणि अनुवादासाठी अर्ज असेल तर त्या भाषेतील दैनिकातही. मराठी पुस्तकाच्या मराठी वारसांचा शोध घेण्यासाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात, ही तरतूद मला अन्यायकारक वाटते. पूर्वी असे अर्ज आधी प्रताधिकार मंडळाकडे आणि नंतर बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. २०२१ साली ते मंडळच रद्द झाले आणि त्याचे अधिकार न्यायालयांकडे गेले. एका विद्यार्थिनीच्या एका प्रतीसाठी हा मार्ग कोणीही घेणार नाही. पुनर्मुद्रण करू इच्छिणाऱ्या प्रकाशकासाठी तो आहे.

तिच्या बाबतीत माझे मत असे आहे की, बाजारात कोठेही न मिळणाऱ्या ग्रंथाची एक प्रत स्वतःच्या संशोधनासाठी काढणे ५२(१)(ए) खाली न्याय्य वापर म्हणून समर्थनीय ठरते. न्याय्य वापर ठरवताना हक्कधारकाच्या बाजारपेठेवर होणारा परिणाम पाहिला जातो. येथे बाजारपेठच अस्तित्वात नाही. ज्यासाठी प्रत हवी त्या संशोधनाचा उल्लेख तिच्या अर्जावर असावा.

---

स्पर्शवाचक

मी दृष्टिहीन आहे आणि शिक्षक आहे. आतापर्यंतच्या चर्चेत आमच्यासारख्या वाचकांचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहितो.

कलम ५२(१)(झेडबी) ही तरतूद २०१२ साली आली. तिच्यानुसार अपंग व्यक्तीला वाचता यावे अशा स्वरूपात, म्हणजे ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा पडदावाचक सॉफ्टवेअर वाचू शकेल अशी संगणकीय प्रत, संपूर्ण पुस्तक रूपांतरित करता येते. येथे टक्के नाहीत, प्रकरणांची मर्यादा नाही, पुस्तक बाजारात उपलब्ध आहे की नाही हा प्रश्नही नाही, कारण बाजारात मिळणारी प्रत आम्हाला वाचताच येत नाही. अट इतकीच की, हे काम नफ्यासाठी नसावे आणि ती प्रत अपंग वाचकांपुरतीच राहावी. दृष्टिहीनांना वाचता येतील अशा स्वरूपात पुस्तके मिळावीत यासाठीचा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता.

असे असूनही एका ग्रंथालयात मला संपूर्ण पुस्तक स्कॅन करून देण्यास नकार मिळाला आणि कारण म्हणून असाच दहा टक्क्यांचा फलक दाखवला गेला. मला परीक्षेसाठी ते पुस्तक लागणार होते. मित्रांनी आळीपाळीने वाचून ध्वनिमुद्रित केले म्हणून माझा अभ्यास झाला. संदर्भकक्ष, नवा फलक लिहाल तेव्हा ही तरतूद सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत लिहा, आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना ती तोंडी समजावून सांगा. फलक मला दिसणार नाही. कर्मचाऱ्याचे उत्तर मला ऐकू येईल.

---

संदर्भकक्ष

स्पर्शवाचक, ही तरतूद सर्वांत वर असेल, आणि कर्मचाऱ्यांची बैठक मी याच आठवड्यात घेतो.

---

निकालपत्र

विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटी भर. न्यायालयांचे निकाल आणि कायद्यांचा मजकूर यांच्या प्रती काढण्यास प्रताधिकाराची आडकाठी सहसा येत नाही. कलम ५२(१)(क्यू) मध्ये त्याची सोय आहे. परंतु खाजगी प्रकाशकाने छापलेल्या निकालसंग्रहातील सारांश-टीपा त्या प्रकाशकाच्या असतात. असे निकालसंग्रह छापणाऱ्या ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालाचा मूळ मजकूर आणि संपादकाने कौशल्याने घातलेली भर यांत हा फरक केला आहे. आमच्या ग्रंथालयात मात्र निकालाची प्रत काढायलाही अर्ज भरून घेतात.

---

कडेची_नोंद

आता झेरॉक्सपेक्षा पीडीएफ जास्त फिरतात. प्राध्यापक वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर संपूर्ण पुस्तक टाकतात. (आय) त्यालाही लागू होते का?

---

तळटीप

कलम ५२(१)(आय) मध्ये 'पुनरुत्पादन' हा शब्द आहे आणि कायद्याच्या दृष्टीने संगणकीय साठवणही पुनरुत्पादनच असते. म्हणून नेमलेले प्रकरण स्कॅन करून त्या वर्गातील विद्यार्थ्यांपुरते देणे या सुटीत बसते असे मी मानतो. परंतु एखादी वस्तू सर्वांना उपलब्ध करून देणे, म्हणजे 'लोकांपर्यंत संप्रेषण', हा प्रताधिकारातील वेगळा हक्क आहे. गटातील पीडीएफ पुढे कोठे जाईल यावर कोणाचे नियंत्रण राहत नाही, आणि संपूर्ण पुस्तक असेल तर आवश्यकतेची कसोटीही पार होत नाही. वर्गाच्या बंद प्रणालीवर, सत्रापुरते आणि नेमलेल्या भागापुरते ठेवावे.

नियतकालिकांतील लेखांच्या बाबतीत तर हा मार्ग घेण्याची गरजही कमी झाली आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना उपलब्ध होत आहेत.

---

छापखाना

याच योजनेच्या संदर्भात एक मागणी नोंदवतो. आंतरराष्ट्रीय प्रकाशकांसाठी इतकी रक्कम उभी राहू शकते, तर अभ्यासक्रमाला लावलेल्या भारतीय भाषांतील पुस्तकांच्या खरेदीसाठी तिचा अंशही का उभा राहू नये? तसे झाले तर मी स्वतः माझ्या पुस्तकांवर 'अध्यापनासाठी प्रत काढण्यास परवानगी' असे छापायला तयार आहे.

---

संदर्भकक्ष

सर्वांच्या प्रतिसादांवरून फलकाचा मसुदा असा केला आहे:

"अपंग वाचकांना वाचता येईल अशा स्वरूपात संपूर्ण पुस्तकाची प्रत करून दिली जाईल, काउंटरवर सांगावे. प्राध्यापकांनी अध्यापनासाठी नेमलेल्या भागांच्या प्रती विषय आणि वर्ग नमूद केलेल्या पत्रावर मिळतील. स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी आवश्यक तेवढ्या भागाची प्रत काढता येईल. बाजारात उपलब्ध असलेल्या पुस्तकाची संपूर्ण प्रत काढून दिली जाणार नाही. बाजारात उपलब्ध नसलेल्या ग्रंथांसाठी ग्रंथपालांना भेटावे. (कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ५२)"

---

तळटीप

मसुदा उत्तम आहे. 'बाजारात उपलब्ध असलेल्या पुस्तकाची' याऐवजी 'प्रताधिकार असलेल्या आणि बाजारात उपलब्ध असलेल्या पुस्तकाची' असे करावे. मुदत संपलेली कित्येक मराठी पुस्तके आजही नव्या आवृत्तीत विकली जातात आणि त्यांची प्रत काढण्यास मूळ मजकुरापुरती आडकाठी नाही. शेवटच्या कंसात 'कलम ५२' नंतर उपकलमेही द्यावीत, म्हणजे व्यवस्थापनातील कोणी शंका घेतली तर पडताळता येईल.

---

जुनी_पाने

'ग्रंथपालांना भेटावे' या वाक्याला माझा विशेष पाठिंबा आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडून ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीचे साल यांची नोंद एका वहीत ठेवावी. पुनर्मुद्रण करू पाहणाऱ्या प्रकाशकाला मागणी असलेल्या दुर्मिळ ग्रंथांची यादी त्या वहीत आयती मिळेल. छापखाना यांना ती पाहायला आवडेल असे वाटते.

---

छापखाना

नक्कीच. संदर्भकक्ष, त्या विद्यार्थिनीला हव्या असलेल्या ग्रंथाचे आणि त्याच्या लेखकाचे नाव मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. बंद पडलेल्या काही प्रकाशनसंस्थांचे करारपत्रांचे दप्तर आमच्या व्यवसायातील ज्येष्ठांकडे आहे. हक्क कोणाकडे आहेत हे मी विचारून पाहतो.